व्हर्च्युअल रनला (म्हणजे आपल्याच भागात धावून फोनवरच्या ॲपचा पुरावा पाठवायचा, त्या शर्यतीला) १० किमीसाठी नाव घातलंय, पण सलग दोन मिनिटंही धावता येत नाही. मधेमधे चाललं तर चालेल का?

चाललं तर चालेल, ताई. उलट पहिल्या मिनिटापासूनच मधेमधे चाललात तरच दहा किलोमीटर नीट पार पडतील, असं माझं मत आहे. तुम्ही लिहिलंय की वय ४१, मैत्रिणीच्या नादाने नाव घातलं, हातात दहा आठवडे आहेत, आणि ओळखीतल्या एकांनी ‘मधे चाललं की ती रेस राहत नाही’ असं सुनावलं. त्या गृहस्थांना लांबूनच नमस्कार करा.

मी नाशिकची. पतपेढीत नोकरी, दिवसभर खुर्चीवर. ४६व्या वर्षी पहिल्यांदा धावले. त्याआधी धावले असेन ती बस पकडायला. सासूबाई म्हणाल्या, “एवढं धावून जायचंय कुठं?” याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

नियमांचं म्हणाल तर बहुतेक व्हर्च्युअल रनमध्ये ठरलेल्या तारखांत ठरलेलं अंतर पूर्ण करणं, एवढीच अट असते. कसं, ते कुणी विचारत नाही. फक्त अंतर एका दमात पूर्ण करायचंय की तुकड्यांत चालेल, आणि वेळेची मर्यादा आहे का, एवढं तुमच्या रेसच्या पानावर बघून घ्या. २०२० साली करोनामुळे बॉस्टन मॅरेथॉन व्हर्च्युअल झाली तेव्हा सहा तासांत, एका दमात पूर्ण करायची अट होती. त्याच वर्षी लंडनवाल्यांनी मात्र ४ ऑक्टोबरचा अख्खा दिवस दिला होता. धावा, चाला, मधे घरी जाऊन जेवा, पण २४ तासांत ४२.१९५ किलोमीटर भरले पाहिजेत. चालण्याला दोन्हीकडे कुणाची हरकत नव्हती.

आता मुख्य गोष्ट. दमल्यावर चालणं वेगळं आणि दमण्याआधी चालणं वेगळं. ही पद्धत लोकप्रिय केली ती जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला माणूस नवशिक्यांना सांगत होता, सुरुवातीपासूनच ठरावीक वेळाने चाला. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर आदळतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, म्हणून तो बराच कमी. शिवाय दमसास लवकर वाढतो, पण नडगीची हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला जास्त वेळ घेतात. म्हणजे आपल्याला वाटतं ‘जमतंय की!’ आणि पाय आतून बोंब मारत असतात.

हे मी वाचून नाही शिकले. तिसऱ्या आठवड्यात गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर एक दिवस फार मस्त वाटत होतं. शेजारून एक आजोबा पुढे गेले, मला ते सहन झालं नाही, आणि मी चालायचे सगळे ब्रेक सोडून तीन किलोमीटर धावले. दुसऱ्या दिवशी पतपेढीचा जिना कठडा धरून उतरले. नडगी अशी धरली की दहा दिवस धावणं बंद. आजोबा अजूनही दिसतात रोज.

वेळ फार वाया जाईल अशी भीती वाटत असेल तर हिशोबच मांडू, तो माझा धंदा आहे. समजा तुम्ही किलोमीटरला ८ मिनिटं या बेताने धावता आणि ११ मिनिटं या बेताने चालता. एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं केलंत तर दोन मिनिटांत साधारण २१६ मीटर होतात आणि दहा किलोमीटरला सुमारे ९३ मिनिटं लागतात. आता धावणं दुप्पट करा, म्हणजे दोन मिनिटं धावा, एक मिनिट चाला. किती लागतील? ८८. एवढ्या मेहनतीत वाचली पाच मिनिटं! म्हणून पहिल्या रेसला एकास एकच ठेवा. मात्र चालायचं ते भाजी घेत फिरल्यासारखं नाही, तर लोकल सुटायला दोन मिनिटं असताना फलाटावर चालतो तसं.

सुरुवात मी एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं अशी केली. आठवड्यातून तीनदा, पंचवीस मिनिटं. तीन आठवड्यांनी एकास एक. रविवारी लांबचं अंतर, दर वेळी अर्धा-पाऊण किलोमीटर वाढवत. तयारीत आठ किलोमीटर झाले की पुरे, उरलेले दोन रेसच्या दिवशी आपोआप होतात. बीप वाजवणारी ॲप्स मिळतात, पण सुरुवातीला मी विजेचे खांब मोजले: दोन खांब धावायचं, तीन खांब चालायचं. वेग बरोबर आहे का, ते कळायला धावताना दुधाचा हिशोब मोठ्याने बोलून बघा. ‘सोमवारी दीड लिटर, मंगळवारी खाडा, बुधवारी एक’ एवढं न अडखळता आलं तर ठीक. ‘मंगळवारी’लाच धाप लागली तर हळू करा. आणि बीपी, शुगर, गुडघा यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ग्रुपला नाही.

व्हर्च्युअलमध्ये खरा वैरी फोन असतो. माझी पहिली रेस पाच किलोमीटरची होती. पाच पूर्ण करून फोन बघते तर ३.२! बॅटरी सेव्हर चालू होता, त्याने अंतर मोजणारं ॲप परस्पर झोपवलं. पुरावाच नाही. नशिबाने मुदत रविवारपर्यंत होती आणि मी शनिवारी धावले होते. रविवारी कुरकुरत परत धावले. म्हणून शेवटच्या दिवसावर टाकू नका. बॅटरी सेव्हर बंद करा, जीपीएसचा सिग्नल नीट लागेपर्यंत उभं राहा, आणि ऑटो-पॉज बंद ठेवा, नाहीतर हळू चालताना ॲपला वाटतं बाई थांबल्या. दाट झाडी किंवा उंच इमारतींमध्ये जीपीएस थोडं इकडेतिकडे होतं, तेव्हा १०.०० वर ब्रेक मारू नका. १०.१५पर्यंत जा. ९.९८चा स्क्रीनशॉट फार दुःख देतो.

मार्ग आपण निवडायचा, ही मात्र व्हर्च्युअलची चैन. दहा किलोमीटरच्या रेसला मी गंगापूर रोडचा मोह टाळून कॉलनीतच सव्वा किलोमीटरचा फेरा आखला. आठ फेरे. अंधारातल्या ट्रका नाहीत, कुत्री ओळखीची, दर फेऱ्याला आमच्या गेटवर लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. निघण्याआधी अर्धा तास खाल्लं फक्त एक केळं. बूट जुनेच, सरावातले. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन. (हे कुणी सांगत नाही. नंतर आंघोळीच्या वेळी कळतं.)

पाचव्या फेऱ्याला वॉचमन काका उठून आले. “मॅडम, काही हरवलं का?” सातव्याला नडगीने आठवण करून दिली, तेव्हा एक मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं केलं. ही सूट स्वतःला द्यायला अजिबात लाजू नका. शेवटचा फेरा एकास एकच. १ तास ३८ मिनिटं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. आमचे अहो गेटवर पेपर वाचत होते, त्यांनी मान वर करून “झालं?” विचारलं.

पदक कुरिअरने येतं, पण त्यासाठी फॉर्म भरताना पिनकोड आणि जवळची खूण नीट लिहा. माझं पाच आठवडे फिरून कॉलनीतल्या दुसऱ्या पाटलांकडे पोचलं होतं. त्यांच्या नातवाने ते गळ्यात घालून फोटोही काढून घेतला होता.