दोन वर्षांच्या मुलीचा वाढदिवस कमी खर्चात आणि प्लास्टिकशिवाय घरीच कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत मुलगी दोन वर्षांची होतेय, इंदिरानगरला छोटा फ्लॅट आहे, खर्च पाच हजारांच्या आत ठेवायचाय, कचरा नको आणि सासूबाईंना मात्र हॉल हवाय. मी नाशकातच राहते. आमच्या घरी मुलांचे सगळे वाढदिवस असेच होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सजावट, केक, रिटर्न गिफ्ट हे सगळं नंतर. आधी माणसं आणि वेळ ठरवा. खर्च आणि कचरा दोन्ही माणसांच्या आकड्याबरोबर वाढतात. शंभर माणसं बोलावलीत की घरची भांडी पुरत नाहीत, मग वापरून फेकायच्या ताटल्या येतात, पाण्याच्या बाटल्या येतात. वीस माणसांत यातलं काहीच लागत नाही. आणि दोन वर्षांच्या मुलीला गर्दी सोसत नाही. दुपारची झोप झाली की साडेचारनंतर दीड-दोन तास ती मजेत असते, पुढे रडारड सुरू होते. म्हणून संध्याकाळी पाच ते साडेसहा. निमंत्रणात संपायची वेळही लिहा, कुणी वाईट वाटून घेत नाही. जागा कमी वाटली तर सोसायटीची गच्ची बघा. कठडा नीट उंच असेल तरच, आणि जिन्याच्या दाराशी एक मोठं माणूस बसवा. फेब्रुवारीत ऊन कललं की गच्चीवर छान वाटतं, मात्र सूर्य मावळला की गारठा पडतो, तेव्हा मुलांचे स्वेटर हाताशी असू द्या.

ताटांसाठी मंडप-बिछायतवाल्याकडे जा. स्टीलची ताटं, वाट्या, पेले नगावर भाड्याने मिळतात. शेजारच्या दोन घरांतून मागून आणलीत तर तेही लागणार नाही. पत्रावळी घ्यायच्या तर पळसाच्या पानांच्या, काडीने टाचलेल्या बघून घ्या. चकचकीत चंदेरी पत्रावळ किंवा गुळगुळीत कागदी प्लेट घेऊ नका, त्यावर बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि ती मातीत कुजत नाही. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर फुग्यांच्या प्लास्टिक काड्या आणि सजावटीचा थर्माकोलही बंद झालाय. तरी दुकानात कुणी पुढे केलंच, तर तुम्ही नको म्हणा.

फुगे तर मी आणूच देत नाही, आणि हे कचऱ्यापुरतं नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मूल पटकन तोंडात घालतं आणि तो घशात अडकला तर काढणं फार अवघड जातं. त्याऐवजी झेंडूची आणि आंब्याच्या पानांची तोरणं करा. मागे भिंतीवर आईची किंवा आजीची काठपदराची साडी सोडा, दाराशी रांगोळी काढा. फोटो सुंदर येतात. फुलं आदल्या दिवशी संध्याकाळी रविवार कारंजा, सराफ बाजाराच्या बाजूला बघा. कार्यक्रम झाला की ती निर्माल्य म्हणून गोदावरीत सोडू नका. वाळवून चुरा आणि कुंडीत पेरा, पूर्ण पिकलेली फुलं असतील तर बरीच रोपं येतात.

आता खाणं. केक घरीच होतो. एक वाटी बारीक रवा, एक वाटी दही, पाऊण वाटी गुळाची पावडर, अर्धी वाटी तूप, एक पिकलेलं केळं कुस्करून. हे अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुलला की लागेल तसं दूध आणि शेवटी अर्धा चमचा खायचा सोडा घाला. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरा, वर स्टँड ठेवून दहा मिनिटं तापवा आणि तूप लावलेला डबा आत ठेवून झाकण लावा. मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. वीस माणसांना असे दोन करा. वर क्रीम नको. या दिवसांत सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी बाजारात असते, तिचे काप लावा, मुलांना तोच रंग आवडतो. आठवडाभर आधी एकदा करून बघा, प्रत्येकाची कढई वेगळी तापते.

मोठ्यांना मिसळ. नाशकात पाहुण्याला मिसळ वाढली तर कुणी साधं म्हणत नाही! वीस-बावीस जणांना एक किलो मटकी पुरते, दोन दिवस आधी भिजवून मोड आणा. पाव आणायला घरचा डबा न्या. लहानांना मऊ उपमा किंवा इडली. द्राक्षांचा हंगाम असतो, ती ठेवाच, पण लहानग्यांना द्राक्ष अख्खं कधीच देऊ नका, उभे चार काप करून द्या. शेंगदाणे, पॉपकॉर्न, बोरं त्यांच्या हाताला लागतील असं काही नको. बोरन्हाणाला आपण बोरं ओततो तेव्हाही मी डोळ्यांत तेल घालून उभी असते.

खेळाला माणूस बोलवायची गरज नाही. किराणा दुकानातून मोठी खोकी आणा, खिडक्या कापून घर करा. कणकेचे गोळे हळदीने, बिटाच्या रसाने, पालकाच्या पाण्याने रंगवून द्या. या वयाची मुलं एकमेकांशी खेळत नाहीत, एकमेकांच्या शेजारी बसून खेळतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा गोळा हवा.

रिटर्न गिफ्टमध्ये रोपं द्यायचा सध्या रिवाज आहे. माझं मत, ज्यांच्याकडे बाल्कनीच नाही त्यांना रोप देऊन ते वाळतंच. बचत गटाकडची नागलीची बिस्किटं कागदी पुडीत द्या, किंवा थोड्या मोठ्या मुलांना मातीची बोळकी.

सासूबाईंचं. त्यांना हॉल हवाय म्हणजे नातीचं कौतुक चारचौघांत व्हायला हवंय, आणि ते रास्त आहे. म्हणून केकपेक्षा औक्षण मोठं करा. पाट, भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, आणि पहिलं औक्षण त्यांच्या हातून. मेणबत्तीवर फुंकर मारायची गरजच उरत नाही. गोड काय करायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. ज्या नातेवाइकांना बोलावता आलं नाही त्यांच्याकडे पुढच्या रविवारी मुलीला घेऊन नमस्काराला जा, हेही त्यांना आधीच सांगा, म्हणजे कुणाला वगळल्यासारखं वाटणार नाही.

भेटवस्तू नको म्हटलं तरी लोक आणतात. म्हणून निमंत्रणातच सरळ लिहा: 'येताना नवीन काही आणू नका. तुमच्या मुलांची वाचून झालेली चित्रांची पुस्तकं असतील तर आमच्या छोटीला आवडतील. वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा.'