आधी आकडा लिही

प्रिय मुला,

सलाम.

परवाच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचा ट्रे तुझ्यापर्यंत आला आणि तू तो शेजारच्याकडे सरकवून बाहेर निघून गेलास. मी खजिनदाराच्या टेबलापाशी बसलो होतो. तिथल्या खिडकीतून चिंचेखालचा नळ दिसतो. तू हात धुतलेस, परत धुतलेस, आणि नळ वाहता ठेवून नुसता उभा राहिलास. आत तिसऱ्या बाकावर, ज्याच्या कर्जाला तू जामीन राहिलास त्या मित्राची आई होती. तिने मान वर केली नाही. रात्री अकराला तुझा मेसेज आला, "काका, माफ केलं म्हणजे पैसे सोडायचे का?" मी "भेटू" एवढंच लिहिलं. मोबाइलवर दोन ओळींच्या पुढे माझा अंगठा चालत नाही, आणि हे उत्तर दोन ओळींचं नाही.

आधी रागावून घेतो. तू बाहेर का गेलास? मनात राग असताना भाकर घेऊ नये, म्हणून ना? प्रेषित पौल म्हणतो, माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं असं तिथे लिहिलेलं नाही. आणि वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करायला जा, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन तुला आठवलं असेल, तर ते नीट वाच. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं ते आहे. उठून जायला हवं होतं त्याने. तो तर पुण्यात फोन बंद करून बसलाय.

आता मुद्द्याचं. पतसंस्थेत मी एकतीस वर्षं कर्जखातं सांभाळलं. जामीनदार म्हणून सही करायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचो, "बाबा, हे पैसे तू घेतलेस असं समजून सही करतोयस ना?" सगळे हसायचे. १८७२ चा करार कायदा जामीनदाराला कर्जदाराइतकंच जबाबदार धरतो, हे हप्ता थकल्यावरच कळतं. तू तीन लाखांवर सही केलीस, त्याने टेम्पो घेतला, टेम्पो विकला, आणि आता तुझ्या पगारातून दरमहा ६,४०० रुपये कापले जातात. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहिलेल्याला सांगितलंय, झोपू नकोस, हरिणीसारखी सुटका करून घे. पण सही झाल्यावर हे वाचून दाखवणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यात मला धरू नकोस. तू मित्रावर भरवसा ठेवलास. त्याची लाज बाळगू नकोस.

मंडळीत तुला तीन जणांनी सांगितलं म्हणे, "झालं गेलं विसर, माफ करून टाक." ते चांगली माणसं आहेत. त्यांचं ऐकू नकोस. आधी आकडा लिही.

हे मी का सांगतोय ते ऐक. आमचे वडील वारले तेव्हा रस्त्याकडेचं अर्धा एकर रान होतं. मी बदलीच्या गावी. वारसनोंदीत फक्त आईचं नाव लागलं, थोरल्याने ते मुद्दामच तसं होऊ दिलं असं माझं मत होतं आणि आहे. १९९३ च्या एप्रिलात त्याने आईचा अंगठा घेऊन ते रान पंचेचाळीस हजाराला विकलं. ख्रिस्ती माणसाचा वारसा १९२५ च्या कायद्याने चालतो, त्यात विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचं मुलांना सारखं. म्हणजे माझे पंधरा हजार. मी पुढच्या महिन्यात घरी गेलो, तर आई भाकरी थापत होती आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. अंगठ्याला शाई नव्हती, इतके दिवस ती कशी राहील, पण लुगड्याच्या पदराला निळा डाग होता. पुसला होता तिने तिथे. मी विचारलं, हे काय? म्हणाली, नीळ लागली धुताना.

१९९४ च्या नाताळाआधी पाळकसाहेबांनी आम्हा दोघा भावांना वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, बोलावलं. पाच मिनिटांत काम झालं. "झालं गेलं विसरा, हात मिळवा." मिळवले. मी "माफ केलं" म्हणालो, प्रार्थना झाली, चहा झाला. आणि घरी येऊन एक लांबडी वही काढली, त्यात पंधरा हजार टाकले, आणि दर ३१ मार्चला बारा टक्क्यांनी चक्रवाढ व्याज चढवत गेलो. हसू नकोस. विक्रीपासून धरून सोळा वर्षांचं. शेवटची नोंद २००९ ची, ९१,९५६ रुपये. त्याच पावसाळ्यात थोरला वारला.

तू म्हणशील, काका, तुम्ही तर आकडा लिहिला होता. नाही रे, चुकीचा लिहिला. ते पंधरा हजार मला कधीच नको होते, माझं बरं चाललं होतं. थोरल्याने मला विचारलं नाही, हे घेणं होतं. माझ्या आईला त्याने माझ्याशी खोटं बोलायला लावलं, हे घेणं होतं. ती बाई पुढची सात वर्षं माझ्यासमोर अवघडून बसायची, ते घेणं होतं. यातलं एक अक्षर वहीत नाही. म्हणून त्या दिवशी वेस्ट्रीत मी सोडलं म्हणालो, ते काय सोडलं होतं? कोऱ्या चेकवर सही केली होती, एवढंच.

प्रभूच्या प्रार्थनेत काय म्हणतो आपण दर रविवारी? "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण म्हटलंय. मन मोठं करा, विसरा, असलं काही म्हटलेलं नाही. ऋण म्हटलं की रक्कम आली. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो चाकर काढ. राजाने त्याला दहा हजार तलांत सोडले. एका तलांतात सुमारे सहा हजार दीनार, एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. हे सगळेच उपदेशक सांगतात. पण पुढे त्याच्या सोबतीकडे त्याचे शंभर दीनार येणं होतं, त्याला सगळे "क्षुल्लक" म्हणून मोकळे होतात, तिथे माझी खजिनदारी दुखते. शंभर दिवसांची मजुरी आहे ती! आजच्या पाचशे रुपये रोजाने पन्नास हजार. मजुराच्या घरात ते क्षुल्लक नसतात. प्रभूने दोन्ही रकमा सांगितल्या, आणि दुसरी खोटी आहे असं कुठेही म्हटलं नाही. तुझे पैसे खरे आहेत. तुझा राग त्या खऱ्या पैशांचा आहे. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात, वाळलेल्या हाताच्या माणसापाशी, प्रभूने रागाने सभोवार पाहिलं, आणि त्याच वाक्यात तो खिन्नही झाला आहे. तुझ्याजवळ राग आहे, खिन्नता अजून आली नाही. येईल. घाई करू नकोस.

आता "तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये" हे वचन तुझ्या डोक्यावर मारतील. संध्याकाळपर्यंत माफ कर, नाहीतर पाप. मी हिशेबनीस माणूस, मी ते असं वाचतो: रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, त्याच दिवशी बंद करायची. आजची रक्कम आज लिहायची, उद्यावर ढकलली की आठवणीत वाढते. फेड त्याच दिवशी होत नसते.

इंदूरकडची सिस्टर राणी मारियाची गोष्ट तुला माहीत असेल. मी भावाशी हात मिळवला त्याला दोनच महिने झाले होते. उदयनगर भागात सावकारांच्या कचाट्यातल्या आदिवासींसाठी ती काम करायची. २५ फेब्रुवारी १९९५ ला समुंदर सिंग नावाच्या माणसाने तिला बसमधून ओढून चाकूने मारलं. तिची सख्खी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली, ते २००२ साली. २००६ ला तो सुटला. २०१७ ला राणी मारियाला इंदूरला धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. लोक राखीचं सांगतात आणि रडतात. मी साल बघतो. सात वर्षं. त्या सात वर्षांत सेल्मीने काय काय लिहिलं नि खोडलं असेल, ते तिला आणि देवाला माहीत. आणि हेही बघ, खुनाला तिने खूनच म्हटलं, शिक्षा झाली, तो आत गेला, आणि मग राखी. मी त्या सात वर्षांत फक्त व्याज चढवलं. एनपीए झालेल्या, म्हणजे थकीत ठरलेल्या, खात्याचं न आलेलं व्याज नफ्यात धरायचं नाही, हे मी कारकुनांना ओरडून ओरडून शिकवलं, आणि घरी येऊन तेच करत बसलो.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पैशाची वसुली कर. तू भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती ठेव, जामीनदाराने भरलं की मूळ कर्जदाराकडून ते परत मागायचा हक्क त्याला मिळतो. नोटीस लागली तर मी मसुदा करून देतो, फी नाही. बँकेत निर्लेखन आणि माफी या दोन गोष्टी आहेत. निर्लेखन केलं तरी वसुली चालू राहते, माफीने कर्जच संपतं. पैसा निर्लेखनात टाक, म्हणजे रोज उठून तो ताळेबंद बघायला नको. माफी बाकीच्याची करायची आहे. ते बाकीचं काय, ते तुझं तूच लिही. त्याने फोन उचलला नाही, ते लिही. तरुण संघात तुझ्या शेजारी बसून गाणी म्हणताना त्याला ठाऊक होतं की टेम्पो विकलाय, ते लिही. त्याच्या आईकडे तुला आता बघवत नाही, तेही त्याच्याच खाती टाक. आणि लिहून झाल्यावर फिलेमोनाचं पत्र वाच, एकच पान आहे. पळालेल्या गुलामासाठी पौल म्हणतो, तो तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. आणि खाली स्वहस्ते लिहून देतो. जामीनकीचा कागद आहे तो, पवित्र शास्त्रातला. इब्री लोकांस पत्रात तर येशूलाच जामीन म्हटलंय. पण पौलाने मांड म्हटलंय बरं का. न मांडलेली रक्कम कोण भरणार?

थोरल्याला अर्धांगवायू झाल्यावर मी गेलो होतो. वही घेऊन गेलो होतो, खरं सांगतो. उशाशी बसलो आणि या वेळी रान नाही, पदराचा तो निळा डाग सांगितला. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. पण त्या डोळ्यातून तसंही सतत पाणी यायचं, वहिनी दर तासाला पुसायच्या. त्याला बोलता येत नव्हतं. मी सोडलं म्हणालो. त्याने ऐकलं का, मला माहीत नाही. वेस्ट्रीत त्या नाताळाला हेच बोललो असतो तर तो भांडला असता, मला शिव्या दिल्या असत्या, त्याची बाजू सांगितली असती. त्याची बाजू होती काहीतरी, पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीची. ती मला वहिनींकडून कळली, नंतर. तरीही विचारायला हवं होतं त्याने. एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

असो. रविवारी उपासनेनंतर दानाची थैली मोजायला माझ्याबरोबर बसणारे डीकन, मंडळीचे सेवक, गावाला जाताहेत. मोजायला दोघं लागतात, कागदावर दोघांच्या सह्या लागतात. तू ये. येताना वही आण, शंभर पानीसुद्धा चालेल. तुझ्या मित्राची आई सगळ्यांत शेवटी बाहेर पडते, तोवर आपली नाणी मोजून झालेली असतात.

तुझे,
खजिनदारकाका