अकरा डायऱ्या, तीन कथा

मे महिना, दुपारचे साडेचार. बाहेर ४५ अंश आणि आत खोलीभर कूलरची घरघर. हे गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आले ते कापडी पिशवी सांभाळत. बसायच्या आधी त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, यात माझी वीस वर्षं आहेत. वाचा आणि मला सांगा, हे देवाचं पाचारण आहे की माझा अहंकार?"

पिशवीत अकरा डायऱ्या होत्या.

ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. वय ४४, सरकारी कार्यालयात लेखा विभागात नोकरी, घरी बायको आणि बारावीतली मुलगी. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, त्यामुळे सगळं बालपण पाळकाच्या बंगल्यात गेलेलं. मी नागपूरच्या सदर भागात वाढलेली, तीही ख्रिस्ती कुटुंबात. पण समुपदेशनाच्या खोलीत मी स्वतःहून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडत नाही. माझ्याकडे ते का आले हे त्यांनी सरळच सांगितलं: "तुमचं चर्च वेगळं आहे." नागपुरात याला अर्थ आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन केली ती याच शहरात, पण आपला समाज तेवढ्यानं मोठा झाला नाही. रविवारी उपासनेत कोण रडलं ते सोमवारी दुसऱ्या टोकाच्या मंडळीत कळतं.

पाचारण आणि अहंकार. हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळ जण घेऊन येतात. कॉयरमध्ये गाणारी मुलगी येते, संडे स्कूलच्या भिंती रंगवणारा मुलगा येतो. लिहिणारे सर्वांत जास्त. हिंदू घरातला मुलगा विचारतो, "नोकरी सोडून लिहू का?" ख्रिस्ती घरातला त्यात आणखी एक ओझं घालून विचारतो, "देवानं सांगितलंय का?" म्हणजे पगार तर जाणारच, वर पापही लागू शकतं.

यांचं आणखी एक होतं. काही महिन्यांत नोकरीची वीस वर्षं पुरी होणार होती आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करता येणार होता. अर्ज लिहूनही ठेवला होता. बायको एकदा सोबत आल्या तेव्हा म्हणाल्या, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिहून राहिले हे. काय लिहून राहिले ते मला अजून एकदाही दाखवलं नाही."

झोपेचं ऐकल्यावर मी आधी तेच नीट विचारलं. एखाद्याला अचानक वाटू लागलं की देवानं आपल्याला खास कामासाठी निवडलंय, चार तास झोपूनही तो ताजातवाना राहतो, भराभर बोलतो, पैसा उधळतो, तर त्याला मी लेखनावर सल्ला देत बसत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. कुणाला तेच पाप दिवसात पन्नास वेळा आठवत असेल आणि प्रार्थना चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून करावी लागत असेल, तर त्यालाही. यांचं तसं काही नव्हतं. हे दोनला झोपत आणि सकाळी ऑफिसात डुलक्या घेत. साधा थकवा होता.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. ते म्हणाले, "रेव्हरंड ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसानं नवा करार दिला. इतकं ठळक बोलावणं! मला एवढ्या वर्षांत काहीच नाही." मी उत्साहानं समजावत सुटले. डब्यात पुस्तक मिळालं तरी बाप्तिस्मा व्हायला १० फेब्रुवारी १८९५ उजाडला, मधे वाचन, वाद, तळमळ सगळं होतं. शिवाय टिळक त्या गाडीत चढले तेव्हा कवी होतेच, कविता काही त्या गोऱ्या माणसानं दिली नव्हती. वर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही सांगितलं, की त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या, म्हणजे तुमच्या हातात अजून बावीस वर्षं आहेत.

मला वाटलं, छान बोलले. ते घरी गेले आणि पंधरा दिवस एक ओळ लिहिली नाही. पुढच्या वेळी म्हणाले, "तुम्ही टिळक सांगितले, लक्ष्मीबाई सांगितल्या. आता तर माझं लिहिणं आणखीनच फालतू वाटून राहिलं." बरोबरच होतं त्यांचं. घाबरलेल्या माणसापुढे डोंगर ठेवला की तो चढत नाही, डोंगराकडे बघत बसतो. तेव्हापासून थोरामोठ्यांची उदाहरणं मी जपून वापरते.

मग मी डायऱ्या वाचल्या. वाचायला सांगितल्या होत्या म्हणून, आणि खरं सांगायचं तर आता दुसरं काही सुचत नव्हतं म्हणूनही. तीन रविवार गेले. अक्षर सुंदर, हिशेबाच्या वहीसारखं. अकरापैकी नऊ डायऱ्यांमध्ये एकच विषय होता: मी लिहावं का? प्रभूची इच्छा काय? माझ्या मनात कीर्तीची हाव आहे का? आज प्रवचनात जे वचन आलं ते मला उद्देशून होतं का? काही पानं तर हलवून सोडणारी होती. आणि उरलेल्या दोन डायऱ्यांत मिळून कथा तीन.

पुढच्या भेटीत मी हे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. हिशेबी माणूस, आकडा टाळणार नाही याची खात्री होती. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी लिहिण्याबद्दलच लिहीत होतो."

मी विचारलं, "हा प्रश्न सुटला नाही तर तुमचं काय नुकसान होतं?"

"कथा होत नाहीत."

"आणि सुटला नाही तर फायदा काय होतो?"

हे त्यांना आवडलं नाही. पण उत्तर दिलं त्यांनीच, थोडं चिडून. "कथा वाईट निघत नाहीत." लिहिलीच नाही तर वाईट कशी निघेल? देवाच्या परवानगीची वाट पाहणारा माणूस आळशी दिसत नाही, भित्राही दिसत नाही. उलट भक्तिमान दिसतो, इतरांना आणि स्वतःलाही. मी त्यांना ढोंगी म्हणत नव्हते. त्यांची तळमळ खरी होती. पण त्या तळमळीच्या आडोशाला दुसरं काहीतरी बसलं होतं.

ते बाहेर यायला आणखी दोन भेटी गेल्या. दहावीच्या वर्षी त्यांच्याकडे कवितांची वही होती. परीक्षा तोंडावर आली असताना वडिलांना ती सापडली. वडिलांनी चार कविता वाचल्या आणि म्हणाले, "यात प्रभू कुठं आहे? सगळीकडे तूच आहेस." वही बंबात गेली. त्या बंबाच्या पाण्यानं दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी आंघोळ केली. हे सांगताना ते हसले, आणि लगेच म्हणाले, "त्यांचं बरोबरच होतं मॅडम. मार्क पडले ना मला."

वडिलांना दोषी ठरवायचं काम माझं नव्हतं. बाप गेलेला होता आणि मुलाचं त्याच्यावर प्रेम होतं. पण मघाशी सांगितलेला माझा नियम मी इथं मोडला. मी विचारलं, "तुम्ही पाळकाच्या घरातले. शास्त्रात कुणाचं लिहिलेलं जाळलंय का हो?"

विचार करायलाही वेळ लागला नाही. "यिर्मया ३६." आणि मग ते सांगत गेले, संडे स्कूलमध्ये सांगावं तसं. यिर्मया संदेष्टा सांगतो, त्याचा लेखनिक बारूख लिहून घेतो. गुंडाळी राजापर्यंत जाते. थंडीचे दिवस, यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की चाकूनं तेवढा भाग कापायचा आणि विस्तवात टाकायचा, असं करत सगळी गुंडाळी संपली.

"मग?"

"मग यिर्मयानं दुसरी गुंडाळी घेतली. बारूखानं पहिलं सगळं परत लिहिलं, आणि त्यात..." इथं थांबले. "त्यात आणखी पुष्कळ भर घातली."

त्या दिवशी आम्ही पुढे काही बोललो नाही. त्यांना रुमाल लागला, मला पाणी.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. पाचारण आहे की नाही याचा निवाडा मी दिला नाही, देणारही नाही. तो माझा अधिकार नव्हे, आणि आपल्या पाळकांनी घाईनं दिला तर त्यांचाही नव्हे, असं माझं मत आहे. पण एक गोष्ट मी त्यांना वाचायला सांगितली: लूकच्या शुभवर्तमानाची पहिली चार वचनं. लूक तिथं आकाशवाणी सांगत नाही, स्वप्न सांगत नाही. पुष्कळांनी लिहिलंय, मीही सगळ्याचा मुळापासून शोध केलाय, तेव्हा क्रमानं लिहावं असं मलाही वाटलं, एवढंच तो थियफिल महाराजांना कळवतो. मलाही वाटलं! चार शुभवर्तमानांपैकी एक या दोन शब्दांवर उभं आहे. यांनी ते पाठ केलं होतं लहानपणी, पण 'वाटलं' या शब्दाकडे कधी बघितलं नव्हतं.

अहंकाराबद्दल पूर्वी मी एक कसोटी वापरायची: नाव न छापता लिहाल का? आता नाही वापरत. आपलं कुणीतरी वाचावं असं वाटणं हा काही रोग नाही. स्वयंपाक करणारीला आपण विचारतो का, कुणी चव सांगितली नाही तरी करशील का म्हणून? करेल बिचारी, पण एक दिवस हातातली पळी आपटेल. मन पूर्ण शुद्ध झाल्यावर लिहीन असं म्हणणारा कधीच लिहिणार नाही. कामाला बसलं की हाव आणि प्रेम दोन्ही कागदावर दिसतात, आणि मग खोडता येतात.

स्वेच्छानिवृत्तीचा विषय मात्र पाच मिनिटांत संपला. मी कागद त्यांच्याकडे सरकवला. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, लेखकाला दहा टक्के, पाचशे प्रतींची आवृत्ती आणि सगळी खपली. त्यांनी मनातच केलं: १५,०००. तेही प्रकाशकानं वेळेवर दिले तर. "हा तर माझा आठवड्याचा पगार," ते म्हणाले. अर्ज फाडा असं मी सांगितलं नाही. प्रेषित पौलही करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू शिवायचा, हे त्यांनीच मला सांगितलं आणि अर्ज फाईलमध्ये लावून टाकला.

मग ठरलं ते असं. रात्रीचं जागरण बंद. सकाळी साडेपाच ते सव्वासहा, कारण उन्हाळ्यात नागपूर तेवढाच वेळ माणसात असतं. डायरी नाही, सुटे कागद. त्या पाऊण तासात 'लिहावं की नाही' हा प्रश्न लिहायचा नाही. आलाच मनात तर बाजूच्या चिठ्ठीवर एक रेघ मारायची आणि कथेकडे परतायचं. पहिल्या आठवड्यात ३१ रेघा झाल्या. सहाव्या आठवड्यात चार. त्या चारही एकाच दिवशीच्या, ऑडिट सुरू होतं म्हणे.

आणि महिन्यातून एकदा बायकोला वाचून दाखवायचं. हे सगळ्यात जड गेलं त्यांना. पण खरा उलगडा तिथंच झाला. त्या बाई स्पष्टवक्त्या. तिन्ही जुन्या कथा ऐकून म्हणाल्या, "आजीचं आलं ते चांगलं आहे. पण शेवटी सगळेच कसे गुडघे टेकून राहिले? दारुडा टेकतो, सून टेकते, तो डॉक्टर पण टेकतो."

ते माझ्याकडे हे सांगायला आले तेव्हा दुखावलेले होते. "शेवटी प्रभू नसेल तर मी लिहायचं कशासाठी?" बंबातली वही पुन्हा बोलत होती. यात प्रभू कुठं आहे? प्रत्येक कथेच्या शेवटी ते वडिलांना उत्तर देत होते.

मी म्हटलं, "एस्तेर वाचून या."

पाळकाचाच मुलगा. दारापर्यंत गेले आणि वळले. "त्या पुस्तकात देवाचं नावच नाही ना?"

"मूळ हिब्रूत एकदाही नाही. तरी शास्त्रात आहे."

दिवाळीनंतर ते पुन्हा आले, यावेळी भेट ठरवून नाही. आजीची कथा पुरी झाली होती, सतरा पानं. आजी मिशनच्या दवाखान्यात आया होती. चाळीस वर्षं बाटल्या उकळणं, चादरी धुणं, रडणाऱ्या बायकांचा हात धरून बसणं. मी तिथंच वाचली. मधला भाग थोडा लांबलाय, तसं सांगितलंही. पण चादर पिळताना आजीच्या मनगटावरची शीर त्यांनी लिहिलीय, ती मला अजून दिसते.

"शेवटी प्रार्थना नाही?" मी मुद्दाम विचारलं.

"आजीला वेळच नव्हता मॅडम," ते म्हणाले. "चादरी वाळत घालायच्या होत्या."

डायऱ्यांची पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. न्या म्हणून दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी तो बायकोनं उचलला. म्हणाल्या, "राहू द्या ना तिथंच. घरी आता सुट्या कागदांनाच जागा पुरून नाही राहिली."