पहिले सेंटरपिन रीळ: किती वेळ फिरते यापेक्षा किती सहज सुटते ते पाहा

डर्बीला राहायला आल्यावर डर्वेंट नदीवर ग्रेलिंग आणि ट्रेंटवर चब हे मासे फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) वाहता सोडून धरण्याचा तुमचा बेत आहे. रीळ आणि दोरी मिळून शंभर पौंडांच्या आसपास खर्च करण्याची तुमची तयारी आहे आणि जे सेंटरपिन एका टिचकीवर सर्वांत जास्त वेळ फिरत राहते तेच घ्यावे का, असा तुमचा नेमका प्रश्न आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यामागचे कारण एकदा नीट समजले, की शंभर पौंडांत, किंबहुना त्याहून कमी पैशांत, वर्षानुवर्षे साथ देणारे रीळ निवडणे फारसे अवघड उरत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहितो.

सेंटरपिनमध्ये दातेरी चाके नसतात. पाठीमागच्या पट्टीवर एक आस पक्का बसवलेला असतो, त्यावर दोरीचा ड्रम मोकळा फिरतो, आणि ड्रमची एक फेरी म्हणजे दोरीचा एक वेढा एवढाच हिशेब असतो. नदीत सोडलेला फ्लोट प्रवाहाबरोबर खाली जाऊ लागला की तो दोरी ओढतो आणि दोरी ड्रमला फिरवते. म्हणजे या साऱ्या यंत्रणेला चालवणारे बळ हे पाण्याने एका छोट्या फ्लोटला दिलेल्या ओढीएवढेच असते, आणि संथ पाण्यात ती ओढ फारच थोडी असते. तेवढ्या ओढीवर ड्रम जागचा हलला नाही तर फ्लोट अडतो, तिरका होतो आणि आमिष तळापासून वर उचलले जाते. त्यामुळे रिळाची खरी परीक्षा ते सुटते कसे यात आहे.

टिचकी मारून घड्याळ लावण्याच्या चाचणीत नेमकी उलटी गोष्ट मोजली जाते. ड्रम किती वेळ फिरेल हे घर्षणावर अवलंबून असते, तसेच ड्रमच्या कडेला किती वजन आहे यावरही असते. जड कडेचा ड्रम एकदा वेगात आला की बराच वेळ थांबत नाही, पण त्याच जडपणामुळे तो सुरू व्हायलाही कुरकुरतो. शिवाय प्रवाह मध्येच मंदावला तर फ्लोट हळू होतो आणि ड्रम मात्र जुन्याच वेगाने दोरी सोडत राहतो, मग रिळाभोवती वेढे ढिले पडून गुंता होतो. म्हणून विकणाऱ्याने चित्रफितीत कित्येक मिनिटे फिरणारा ड्रम दाखवला, तर त्यावरून बेअरिंग खराब नाही एवढाच निष्कर्ष काढावा.

या कलेचे माहेरघर तुमच्या घराजवळचे नॉटिंगहॅमच आहे, आणि तिथल्या जुन्या कारागिरांना ही अडचण पुरती ठाऊक होती. ट्रेंटवर पूर्वी लाकडी रिळे वापरत. ती गुळगुळीत फिरत, पण ओलाव्याने लाकूड फुगले की अडकत. १८९० च्या दशकात नॉटिंगहॅमच्या हेन्री कॉक्सन यांच्या कल्पनेवरून रेडिचच्या ऑलकॉक कंपनीने ‘एरियल’ हे रीळ काढले, त्याचे मर्म आऱ्यांच्या हलक्या ड्रममध्ये होते. आजही चांगल्या रिळांचे ड्रम भोके पाडून हलके केलेले असतात, ते केवळ शोभेसाठी नव्हे.

दुकानात किंवा विक्रेत्याच्या घरी जाताना सोबत थोडी दोरी आणि ट्रिपल ए मापाचे दोन-चार मणी (दोरीला चिमटून लावायची छोटी वजने) न्या. एक मणी साधारण ०.८ ग्रॅमचा असतो. (या मापाचे शिशाचे मणी इंग्लंडमध्ये १९८७ पासून बंद आहेत, तेव्हा दुकानात मिळतात ते बिनविषारी धातूचेच घ्यावेत.) दोरी ड्रमवर थोडी गुंडाळा, रीळ आस आडवा राहील असे धरा आणि दोरीच्या टोकाला दोन मणी लावून हळूच सोडा. ड्रम हाताच्या मदतीशिवाय, धक्का न खाता फिरू लागला पाहिजे. एका मण्यावर सुटला तर फारच उत्तम. हीच चाचणी ड्रमच्या मुठी वर, खाली आणि बाजूला ठेवून पुन्हा करा, कारण मुठींचा तोल साधलेला नसेल तर ड्रम एका बाजूने सहज सुटतो आणि दुसऱ्या बाजूने रेंगाळतो. हे करायला दोन मिनिटे लागतात आणि कोणताही प्रामाणिक विक्रेता त्याला हरकत घेत नाही.

आता पैशांचा विचार. तुमच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. पहिली म्हणजे बॉल बेअरिंगचे नवे रीळ. ओकुमा या तैवानी कंपनीची सेंटरपिन इंग्लंडमध्ये अनेकांनी पहिले रीळ म्हणून घेतलेली आहेत, आणि ‘शेफील्ड’, ‘ट्रेंट’, ‘अव्हेंटा’ ही नावे तुम्हाला जुन्या वस्तूंच्या बाजारातही वारंवार दिसतील. या प्रकारात बेअरिंग बिघडले तरी ते प्रमाणित मापाचे असल्यामुळे थोडक्या पैशांत बदलता येते. नव्या रिळात कारखान्यातून घट्ट ग्रीस भरलेले असते आणि जानेवारीच्या थंडीत ते आणखी घट्ट होते, म्हणून ते धुऊन काढून पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. पुष्कळदा ‘रीळ जड फिरते’ ही तक्रार एवढ्यानेच मिटते.

दुसरी वाट मला अधिक प्रिय आहे. रेडिचच्याच जे. डब्ल्यू. यंग अँड सन्स या कंपनीची ‘रॅपिडेक्स’ आणि ‘ट्रुडेक्स’ ही रिळे गेल्या शतकात कामगार वर्गातल्या मासे धरणाऱ्यांनी वापरण्यासाठीच मोठ्या संख्येने बनली, त्यामुळे ती दुर्मीळ नाहीत आणि संग्राहकांनी त्यांचे भाव एरियलसारखे गगनाला भिडवलेले नाहीत. थोडा धीर धरला तर तुमच्या रकमेच्या आत चांगल्या स्थितीतले एखादे सहज मिळते. आसावर तेल देऊन फिरणारी ही साधी यंत्रणा नव्या बेअरिंगइतकी चमकदार वाटत नाही, परंतु मण्यांच्या चाचणीत ती लाज आणत नाही, आणि पावसात भिजल्यावर रात्री घरी उघडून पुसता येते.

मात्र जुने रीळ घेताना नजर आणि बोटे दोन्ही वापरा. ड्रमची कड चिमटीत धरून आत-बाहेर हलवा. केसभर खेळ असणे चालते, पण खटखट आवाज आला तर आस किंवा त्याची वाटी झिजलेली आहे. मग ड्रम सावकाश फिरवत कड आणि पाठीची पट्टी यांमधल्या फटीकडे एकटक पाहा. ही फट पूर्ण फेरीत सारखीच राहिली पाहिजे. साध्या कागदाची पट्टी त्या फटीत सरकवून फिरवली तर ती कुठे अडते आणि कुठे सुटते हे डोळ्यांपेक्षाही लवकर कळते. फट कमीजास्त होत असेल तर रीळ कधीतरी दगडावर पडून आस वाकला आहे किंवा ड्रम पिळला आहे असे समजावे, आणि कितीही स्वस्त असले तरी ते सोडून द्यावे, कारण चार पौंड ताण सोसणारी दोरी जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची असते आणि ती अशा फटीतून ड्रमच्या मागे जाऊन आसाभोवती गुंडाळली गेली की मासा गळाला असताना काहीही करता येत नाही. शेवटी रिळाचा पाय पाहा. पूर्वीच्या मालकांनी आपल्या काठीत बसवण्यासाठी तो कानशीने घासलेला असतो. थोडा घासलेला असेल तर बिघडत नाही, पण तुमच्या काठीवरच्या, रीळ बसवण्याच्या कड्यांत तो घट्ट बसतो का हे पैसे देण्याआधीच बसवून पाहा.

काही वस्तू या बजेटमध्ये मोहात पाडतील, त्या टाळाव्यात. फ्लाय फिशिंगचे रीळ दिसायला जवळचे असले तरी त्यातली खटका (ड्रम फिरताना टकटक करत त्याला अडवणारा दाता) किंवा ब्रेकची यंत्रणा फ्लोटच्या ओढीवर ड्रम सुटू देत नाही. अगदी स्वस्त, बिननावाच्या रिळांत प्रत्येक नग वेगळा निघतो, म्हणून हातात घेऊन तपासता येत नसेल तर ती मागवू नयेत. सुरुवातीला गियर असलेले किंवा फेकताना बाजूला वळवायचे रीळही नको.

आकाराबद्दल फार डोके खाजवू नका. चार ते साडेचार इंच व्यासाचा, साधारण इंचभर किंवा त्याहून अरुंद ड्रम घ्या. साडेचार इंची ड्रम काठोकाठ भरला असता एका फेरीत सुमारे ३६ सेंटिमीटर दोरी घेतो, म्हणजे तीस मीटर लांब गेलेला फ्लोट परत आणायला ऐंशीहून अधिक फेऱ्या लागतात. फिक्स्ड-स्पूल रिळाच्या (ज्याचे दोरीचे चाक स्थिर असते अशा नेहमीच्या रिळाच्या) तुलनेत हे काम दुप्पट आहे, आणि त्यासाठीच इथले लोक मूठ न फिरवता बोटांनी ड्रमला टपल्या मारून दोरी गोळा करतात. त्यासाठी कड उघडी आणि गुळगुळीत हवी. मुठी लहान आणि गोलसर असाव्यात, वाऱ्यात ढिली दोरी लांब मुठींवर अडकते. खटका बंद करता येणारा हवा, कारण तो काठी खांद्यावर टाकून चालताना उपयोगी पडतो आणि फ्लोट वाहत असताना मुळीच नको असतो.

तुम्ही मालवणच्या खाडीत लहानपणी हाताने तंगूस टाकून मासे धरल्याचे लिहिले आहे, ते इथे तुमच्या फार उपयोगाचे ठरेल. तिथे तर्जनीवर दोरी जाणवते तसेच इथे अंगठ्याखाली ड्रमची कड जाणवते. नदीचे वरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहते, म्हणून फ्लोट मोकळा सोडला तर तो पुढे पळतो आणि आमिष मागे फरफटत येते. अंगठा कडेवर नुसता टेकवला की फ्लोट जरासा मंदावतो, आमिष त्याच्या पुढे जाते आणि तळापासून हळूच वर उठते. ग्रेलिंग पुष्कळदा नेमका त्याच क्षणी धरतो. हे नियंत्रण सेंटरपिनइतके दुसऱ्या कोणत्याही रिळात मिळत नाही, आणि ते मिळावे म्हणूनच एवढा सारा खटाटोप करायचा. त्यासाठी काठीही तेरा फुटांच्या आसपासची, रीळ धरणाऱ्या सरकत्या कड्यांची असावी, म्हणजे अंगठा सहज पोहोचेल अशा जागी रीळ बांधता येते.

दोरी साधी मोनोफिलामेंट (एकपदरी नायलॉन), डर्वेंटच्या ग्रेलिंगसाठी तीन-चार पौंड ताणाची आणि ट्रेंटवर पाच-सहा पौंड ताणाची पुरेल. शंभर मीटरपेक्षा जास्त भरू नका. जास्त दोरी भरली की वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि ऐन वाहत्या फ्लोटला झटका बसतो. ड्रम खोल असेल तर खाली जुन्या दोरीचा भराव द्यावा.

फेकण्याची चिंता आत्ताच करू नका. ड्रम फिरवत दूर फेकण्याची वॉलिस पद्धत शिकायला वेळ लागतो, आणि काठापासून दोन-तीन काठ्यांच्या अंतरावर वाहणाऱ्या फ्लोटसाठी तिची गरजही नसते. दोरी ओवलेल्या काठीच्या कड्यांमधून डाव्या हाताने दोरीचे दोन-तीन फास ओढून घ्यावेत आणि फ्लोट पुढे झोकताना ते एकेक सोडावेत, एवढ्यावर पहिला हंगाम निभावतो. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात या प्रकारची मासेमारी बंद असते. तुम्ही या दिवसांत रीळ घेतले तर गवतावर उभे राहून या फासांचा सराव करता येईल, तोवर पर्यावरण संस्थेचा काठीचा परवाना आणि तुमच्या पट्ट्यातल्या क्लबची चौकशीही होऊन जाईल. पसंतीला दोन रिळे उरली आणि निवड ठरेना, तर त्यांचे नाव आणि मण्यांच्या चाचणीत काय दिसले ते कळवा.