वाचकांचे प्रश्न : युद्धेतिहासाची जुनी पुस्तके

प्रश्न : लष्करी इतिहासावरील गाजलेल्या ग्रंथांची नवी, स्वच्छ पुनर्मुद्रणे सहज मिळत असताना जुन्या आवृत्त्यांच्या शोधात राहण्याला जुनेपणाच्या ओढीपलीकडे काही अर्थ आहे का?

उत्तर : निश्चित आहे, आणि तो मुख्यतः मजकुराशी निगडित आहे. युद्धावरचे पुस्तक प्रथम प्रसिद्ध होते तेव्हा त्यात वर्णन केलेले सेनापती, मंत्री आणि अधिकारी बहुधा हयात असतात. त्यामुळे पुढच्या आवृत्तीत काही वाक्ये सौम्य होतात, काही गळतात आणि क्वचित एखाद्या विधानाचा अर्थच फिरतो. प्रशियाचे सेनाधिकारी व युद्धविचारक क्लाउझवित्झ यांच्या ‘ऑन वॉर’चा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. लेखकाचे १८३१मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी मारी यांनी १८३२पासून हा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५३मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मारी यांच्या भावाने मजकुरात अनेक ठिकाणी बदल केले. सरसेनापतीला मंत्रिमंडळात स्थान द्यावे, म्हणजे मंत्रिमंडळाला त्याच्या प्रमुख निर्णयांत सहभागी होता येईल, असे मूळ विधान होते; बदललेल्या पाठात सरसेनापतीनेच मंत्रिमंडळाच्या निर्णयांत सहभागी व्हावे, असा अर्थ निघू लागला. मुलकी सत्ता आणि सैन्य यांच्या संबंधांविषयीचे इतके मूलभूत मत उलटे झाले, आणि जर्मन अभ्यासक वेर्नर हालवेग यांनी १९५२च्या आवृत्तीत मूळ पाठ पुन्हा सिद्ध करेपर्यंत हा बदललेला मजकूर प्रचारात राहिला. म्हणून या ग्रंथाची एकोणिसाव्या शतकातील प्रत हाती आली, तर ती १८५३च्या अलीकडची आहे की पलीकडची, हे पाहिल्याशिवाय तिच्याविषयी काहीही ठरवता येत नाही.

चर्चिल यांच्या ‘द रिव्हर वॉर’चेही असेच आहे. सुदानच्या मोहिमेवरील हा ग्रंथ १८९९मध्ये दोन खंडांत निघाला. १९०२मध्ये तो एका खंडात संक्षिप्त करण्यात आला आणि मूळ ग्रंथातील पुष्कळ मजकूर, त्यात मोहिमेचे सेनापती किचनर यांच्यावरील टीकेचा भागही, त्यातून वगळला गेला. पुढची बहुतेक पुनर्मुद्रणे या संक्षिप्त पाठावरून झाली. ज्याला केवळ मोहिमेची हकीगत वाचायची आहे, त्याला एक खंड पुरेल. परंतु विजयी सेनेतील एका तरुण अधिकाऱ्याने आपल्याच सेनापतीविषयी त्या वेळी काय लिहिले, हे जाणून घ्यायचे असेल तर दोन खंडांना पर्याय नाही.

मात्र ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांना भुलू नये, असेही मी आग्रहाने सांगेन. पहिल्या महायुद्धातील अरब उठावात सहभागी झालेले ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स यांच्या ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’च्या १९३५च्या प्रती पुष्कळदा पहिली आवृत्ती म्हणून पुढे केल्या जातात. वास्तविक १९२२मध्ये या ग्रंथाच्या अवघ्या ८ प्रती छापून घेण्यात आल्या होत्या, १९२६मध्ये वर्गणीदारांसाठी सुमारे २०० प्रतींची देखणी आवृत्ती निघाली, आणि १९३५ची आवृत्ती ही लेखकाच्या मृत्यूनंतर सर्वसामान्य वाचकांसाठी काढलेली पहिली आवृत्ती होय. ती वाचनीय आहे, संग्रही असावी अशीही आहे. पण तिला दुर्मीळ समजून किंमत मोजणे योग्य नाही.

याउलट एकच ग्रंथ निरनिराळ्या नावांनी विकत घेतला जाण्याचाही धोका असतो. ब्रिटिश युद्धविचारक लिडेल हार्ट यांचे १९२९चे ‘द डिसायसिव्ह वॉर्स ऑफ हिस्टरी’ पुढे विस्तारत जाऊन १९४१मध्ये ‘द स्ट्रॅटेजी ऑफ इनडायरेक्ट अप्रोच’ झाले आणि १९५४मध्ये पुन्हा नव्या नावाने आले. एखाद्या लेखकाचा विचार कसा बदलत गेला हे तपासणाऱ्याला ही सारी रूपे हवीतच. इतरांना शेवटचे पुरेसे आहे.

प्रश्न : विक्रेता केवळ छायाचित्रे पाठवतो. पैसे देण्यापूर्वी नेमके काय विचारावे?

उत्तर : सर्वप्रथम नकाशांविषयी विचारावे. बांधणी, सोनेरी अक्षरे, वेष्टन हे सारे नंतर. युद्धेतिहासात नकाशा हा मजकुराचाच भाग असतो. टेकडी कोठे होती, नदी कोणत्या बाजूला होती, राखीव पलटणी किती मागे होत्या, हे कळल्याशिवाय लढाईचे प्रकरण वाचून हाती फारसे लागत नाही. आणि जुन्या पुस्तकांतून सर्वांत आधी नाहीसे होतात ते नकाशेच. घडीचे नकाशे उघडता-मिटता घडीवर फाटतात, कोणी ते चौकटीत लावण्यासाठी कापून घेतो, तर स्वतंत्र पेटीत दिलेले नकाशे खंडांपासून कायमचे दुरावतात. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश अधिकृत इतिहासातील फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवरील १४ खंड जेम्स एडमंड्स यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांतील अनेक खंडांचे नकाशे वेगळ्या पेट्यांत दिलेले होते आणि काहींची परिशिष्टेही स्वतंत्र होती. मजकुराचे सर्व खंड आहेत म्हणून ‘संपूर्ण संच’ असे वर्णन वाचायला मिळते, तेव्हा पेट्या आणि परिशिष्टे आहेत का, हे स्पष्ट शब्दांत विचारून लेखी उत्तर घ्यावे.

पुस्तकाच्या आरंभी चित्रांची व नकाशांची यादी असते. ती यादी आणि प्रत्यक्ष पाने यांचा एकेक करून मेळ घालण्यास विक्रेत्याला सांगावे, शुद्धिपत्राची चिठ्ठी जागेवर आहे का ते पाहण्यास सांगावे, आणि प्रत्येक नकाशा उघडून त्याचे छायाचित्र मागावे. प्रामाणिक विक्रेत्याला याचा राग येत नाही. पलटणींच्या इतिहासांत शेवटच्या परिशिष्टांकडे विशेष लक्ष द्यावे. अशा पुस्तकांच्या प्रती मुळातच थोड्या छापलेल्या असतात, आणि मृतांच्या, जखमींच्या व पदकविजेत्यांच्या याद्या अनेकदा त्यांतच सहज सापडतात. एखाद्या सामान्य शिपायाचे नाव छापील स्वरूपात तेवढ्या एकाच पानावर उरलेले असू शकते, आणि ते पान फाटलेले असेल तर प्रत कितीही देखणी असली तरी मी तिला अपुरीच म्हणेन.

मागणीनुसार छापून मिळणाऱ्या प्रतींबाबतही सावध राहावे. जुन्या प्रतीची पाने यंत्राने टिपताना घडीचे नकाशे न उघडताच टिपले जातात, आणि मग नकाशाच्या जागी घडी घातलेल्या कागदाची निरुपयोगी प्रतिमा छापली जाते.

प्रश्न : वाचनालयाचे शिक्के असलेली प्रत घ्यावी का?

उत्तर : बाद केल्याचा शिक्का असेल तर जरूर घ्यावी, अशा प्रती स्वस्त आणि बहुधा मजबूत पुन्हा बांधलेल्या असतात. तो शिक्का नसेल तर आधी त्या वाचनालयाकडे चौकशी करावी. नकाशे आणि जुने ग्रंथ यांच्या चोऱ्या मोठमोठ्या ग्रंथालयांत झालेल्या आहेत, आणि संग्राहकाने त्यात नकळतही वाटेकरी होऊ नये.

प्रश्न : माझ्या एका प्रतीच्या समासात पूर्वीच्या मालकाने पेन्सिलीने टिपणे केली आहेत. ती खोडून टाकावीत का?

उत्तर : कृपया खोडू नका. ज्या मोहिमेचे पुस्तक आहे तिच्यात तो वाचक स्वतः असण्याची शक्यता असते, आणि ‘आम्ही येथे दुपारी पोहोचलो’ अशा चार शब्दांनीही छापील वृत्तांताला दुजोरा मिळतो किंवा त्यावर प्रश्नचिन्ह उभे राहते. लष्करी नियमपुस्तिकांत नंतरच्या दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, त्याही तशाच राहू द्याव्यात, कारण कोणता नियम केव्हा बदलला याचा तो पुरावा असतो. आतल्या पानावरील सही, हुद्दा आणि तारीख वहीत उतरवून ठेवावी.

प्रश्न : १८२०च्या दशकातील माझे पुस्तक पांढरेशुभ्र आहे, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पुस्तकांची पाने पिवळी पडून तुटत आहेत. असे का, आणि उपाय काय?

उत्तर : जुना कागद चिंध्यांच्या लगद्यापासून बनत असे आणि तो दीर्घकाळ टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात आला. त्यावर राळ व तुरटीची प्रक्रिया होत असल्याने त्यात आम्ल तयार होते आणि ते कागदाचे तंतू तोडत राहते. दुसऱ्या महायुद्धात कागदटंचाईची भर पडली. ब्रिटनमध्ये १९४२पासून प्रकाशकांनी युद्धकालीन काटकसरीचे नियम स्वीकारले, त्यामुळे कागद हलका, अक्षर बारीक आणि समास अरुंद झाले. अमेरिकी सैनिकांना १९४३ ते १९४७ या काळात मोफत वाटलेल्या सुमारे १२ कोटी खिशात मावणाऱ्या पुस्तकांचा कागदही असाच तात्पुरता होता.

आम्लाचा परिणाम घरी उलटवता येत नाही, त्याचा वेग मात्र कमी करता येतो. पुस्तके उन्हापासून दूर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, ४० ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवावीत. ठिसूळ प्रती आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडव्या ठेवाव्यात. फाटलेल्या नकाशाला चिकटपट्टी कधीही लावू नये; तिचा गोंद कागदात मुरतो आणि तो डाग जात नाही. कसर किंवा किडा दिसल्यास ती प्रत ताबडतोब वेगळी काढून हवाबंद पिशवीत घालावी आणि उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा कागदावर दव धरते.