सदोमच्या पुढची पानं

चि. ...स,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज तीनदा वाचला. फोन केला असता, पण फोनवर मी फार बोलतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून कागद घेतला. रविवारच्या उपदेशात पाळक म्हणाले की समलिंगी संबंध बायबलमध्ये आहेत आणि देवाने ते गंधकाने जाळले. त्याच रात्री तू इन्स्टाग्रामवर ऐकलंस की दावीद राजा आणि त्याचा जिवलग मित्र योनाथान हे जोडपंच होतं. दोघांनीही वचनं दाखवली. आता खरं कुणाचं धरायचं? हा प्रश्न तुझा स्वतःचा की मित्राचा, ते मी विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. उत्तर दोन्हीकडे तेच आहे.

पुरुषाने पुरुषाशी शरीरसंबंध ठेवण्याचा उल्लेख बायबलमध्ये मोजक्या ठिकाणी आहे, आणि जिथे आहे तिथे तो निषेधाचाच आहे. हे आधी कबूल करून टाक, म्हणजे पुढचं वाचन सरळ होईल. पण तुला जे विचारायचंय ते वेगळं आहे. दोन माणसं एकमेकांना निवडतात, एका घरात राहतात, एकाला ताप आला तर दुसरा उशाशी बसतो. ते नातं त्या पानांवर चर्चेलाच आलेलं नाही. उल्लेख आहे तो कृतीचा, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बोलणं दुसऱ्याच कशाबद्दल तरी चाललेलं आहे.

सदोमपासूनच घेऊ, देवाने गंधकाने जाळलेल्या त्या गावापासून, कारण तिथे माझी स्वतःची चूक आहे. पंचविशीत, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीत नवा पाळक असताना मी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या अध्यायावर तासभर उपदेश केला. आवाज चढवला, वेदीवर हात आपटला. आमच्याकडे गायनाला तबला वाजवणारा एक मुलगा होता, बोटांत गोडवा असलेला. पुढच्या रविवारी तबले पांढऱ्या कपड्याखाली तसेच झाकलेले राहिले. त्याच्या पुढच्याही. तो तसा होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. विचारायला मी गेलोच नाही.

पुढे केव्हातरी यहेज्केलचा सोळावा अध्याय वाचताना एकोणपन्नासाव्या वचनावर थबकलो. सदोमचा दोष काय, ते संदेष्टा तिथे स्वतः सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निवांत ऐषआराम, आणि दीनदुबळ्यांना हात न देणं. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचाही उल्लेख आहे, तो मी लपवणार नाही. नव्या करारात यहूदाचं पत्र सदोमवर जारकर्माचा ठपका ठेवतं, तेही खरं. पण मूळ गोष्टीत घडतं काय? गावात दोन परके पाहुणे आलेत आणि अख्खं गाव त्यांच्यावर सामूहिक बलात्कार करायला दाराशी जमलंय. पाहुण्यांना घरात घेणारा लोट त्यांच्याऐवजी आपल्या मुली देऊ करतो, आणि त्याबद्दल आमच्या उपदेशांत चकार शब्द नसतो. आता शास्ते हे पुस्तक, अध्याय एकोणीस काढ. गाव गिबा, प्रसंग जवळजवळ तोच. तिथे पाहुण्याच्या उपपत्नीला बाहेर ढकलतात. ती सकाळी दारात पडलेली सापडते, हात उंबरठ्यावर. गिब्याच्या गोष्टीवरून स्त्री-पुरुष संबंधच पाप आहेत असा उपदेश कुणी केल्याचं तू ऐकलंयस का?

लेवीय हे नियमांचं पुस्तक माझ्या जुन्या बायबलात अजून कोरं करकरीत आहे. फक्त अठराव्या अध्यायाच्या पानाचा कोपरा मळलाय आणि बाविसाव्या वचनाखाली लाल पेनाची दुहेरी रेघ आहे. ती रेघ माझीच. पुरुषाशी स्त्रीसारखा संबंध ठेवू नये, असं ते वचन सांगतं. विसाव्या अध्यायात त्याला मरणदंड आहे. स्त्रियांच्या आपसातल्या संबंधांचा उल्लेख दोन्हीकडे नाही. यावर तुझ्या वयाची मुलं लगेच म्हणतात की एकोणिसाव्या अध्यायात दोन जातींच्या धाग्यांचं कापडही मना आहे, मग पाळकांचा टेरीकॉटचा शर्ट कसा चालतो? हशा पिकतो, पण युक्तिवाद तकलादू आहे. त्याच अठराव्या अध्यायात आई-बहिणीशी संबंध निषिद्ध आहेत, ते आपण आजही मानतो. म्हणजे लेवीयमधलं काय ठेवायचं आणि काय मागे सोडायचं, ही निवड प्रत्येक मंडळी करत आली आहे. चिडवण्यापेक्षा पाळकांना हेच विचार, की तुम्ही ती निवड कशाच्या आधारावर करता? आणि त्याच एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञाही आहे. येशूने उचलली ती हीच.

येशू समलिंगी संबंधांबद्दल काहीच बोललेला नाही. चारही शुभवर्तमानांत एक शब्द नाही. मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात तो पुरुष आणि स्त्री एकदेह होण्याबद्दल बोलतो, पण प्रश्न सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, होता आणि बायकोला वाऱ्यावर सोडणाऱ्या नवऱ्यांना ते उत्तर होतं. पारंपरिक बाजूचे लोक म्हणतात की विवाहाचा नमुना त्यातूनच ठरतो. हे म्हणणं वजनदार आहे, हसण्यावारी नेऊ नकोस.

खरी कसोटी पौलाची, मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताची. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पुरुष पुरुषांविषयी कामातुर झाले, असं तो स्पष्ट लिहितो. स्त्रियांनीही नैसर्गिक उपभोग सोडला म्हणतो. संपूर्ण बायबलात स्त्रियांना लावता येईल असं हे एकच वचन, आणि त्याचाही अर्थ स्त्री-स्त्री संबंध असाच घ्यावा का, यावर जुन्या धर्मपित्यांपासून मतभेद आहेत. पौल मूर्तिपूजेपासून सुरुवात करतो, मग ही वासना, मग लोभ, हेवा, चहाडी, आईबापांची अवज्ञा अशी यादी लांबवत नेतो. ऐकणारे माना डोलावत असतात. आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो वळून म्हणतो, दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही. मूळ पत्राला अध्याय नव्हते. पण आमचे उपदेश नेमके पहिल्याच्या शेवटी थांबतात, सापळ्याचं दार मिटायच्या आत.

तिथला 'निसर्गाविरुद्ध' हा शब्द नीट बघून ठेव. ग्रीकमध्ये 'पारा फुसिन'. तोच शब्द पौल अकराव्या अध्यायात पुन्हा वापरतो, आणि तिथे निसर्गाविरुद्ध वागणारा कर्ता देव आहे: रानटी जैतुनाची फांदी तो बागेतल्या जैतुनाला कलम करतो. आणि तो 'निसर्गक्रमाविरुद्ध' आपल्या ओळखीचाही आहे. मेकॉलेच्या आराखड्यातून आलेल्या १८६० च्या दंडसंहितेतल्या कलम ३७७ ची भाषा तीच होती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं. म्हणजे तू शाळेत असेपर्यंत या देशात हा गुन्हा होता. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालातही मिळालेला नाही, तेव्हा त्या बाबतीत कुणाच्या रील्सवर विसंबू नकोस.

पहिल्या करिंथकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन शब्द येतात, 'मालाकोय' आणि 'आर्सेनोकोयताय'. पहिल्याचा साधा अर्थ मऊ. मत्तयच्या अकराव्या अध्यायात राजवाड्यातल्या तलम वस्त्रांना तोच शब्द आहे. दुसरा पौलाच्या आधी कुठल्या लिखाणात सापडलेला नाही. 'पुरुष' आणि 'शेज' हे दोन शब्द जोडून तो केलाय, आणि लेवीयच्या ग्रीक भाषांतरात ते दोन्ही शेजारी शेजारी आहेत, तेव्हा पौलाच्या मनात लेवीय असणार असं मला वाटतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे नेमकं कोण होतं? गुलामांना वापरणारे मालक? पोरांना नासवणारे? की सगळेच? सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक लूथरने जर्मनमध्ये 'पोरांना नासवणारे' असं भाषांतर केलं. इंग्रजीत १९४६ च्या सुधारित नव्या कराराने दोन्ही शब्द एकत्र करून 'होमोसेक्शुअल' केलं, आणि १९७१ मध्ये त्याच भाषांतराने तो शब्द काढून टाकला. मूळ शब्द १८६९ साली जर्मनमध्ये पहिल्यांदा छापला गेलेला, आणि बसवला पहिल्या शतकातल्या पौलाच्या तोंडी! आपल्या जुन्या मराठी भाषांतरात मात्र कृतीचंच उघड वर्णन आहे. वाचायला ओशाळवाणं वाटतं, पण ते जास्त प्रामाणिक आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं सोपं मराठी केलं, त्यामागची त्यांची धडपड मला ही पानं वाचताना नेहमी आठवते. एका शब्दापायी कुणाचं तरी घर मोडू शकतं.

आता दावीद आणि योनाथान. योनाथान आपला झगा, तलवार, धनुष्य, कमरबंद काढून देतो. शेतात निरोप घेताना दोघे मुके घेऊन रडतात, दावीद जास्त रडतो. योनाथान मेल्यावर दावीद म्हणतो की तुझं प्रेम स्त्रियांच्या प्रेमाहून अधिक होतं. हे वाचून ज्याला काहीच वाटत नाही तो कोरडा माणूस. पण जोडपं? मराठीत जीव जडतो तो लेकरावर, मित्रावर, गाईवर आणि प्रेयसीवरही. हिब्रूतही तसंच आहे. आपल्याकडे यष्टीच्या थांब्यावर दोन बाप्ये गळ्यात हात टाकून उभे असतात, कुणी वळून बघत नाही. त्या मजकुरातून शेज सिद्ध होत नाही, आणि शेज नव्हतीच हेही सिद्ध होत नाही. रूथचंही तेच. ती नामीला जडून राहते, आणि हिब्रूतलं ते क्रियापद उत्पत्तीत नवरा बायकोला जडून राहतो तिथलंच आहे. "तुमचे लोक ते माझे लोक," हे आपण लग्नात हौसेने वाचतो. ते एका विधवेने आपल्या सासूला म्हटलेलं आहे, हे कितीजणांच्या लक्षात असतं? यातून प्रेम केवढं मोठं असू शकतं ते घे. पुरावा म्हणून वापरायला गेलास तर पहिला हुशार माणूस तुला उताणा पाडेल.

माझा स्वतःचा धागा कुठे आहे, ते तू विचारणारच. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात खच्ची केलेल्या माणसाला परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव आहे. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात तोच परमेश्वर षंढाला म्हणतो, स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नकोस, मुलगे-मुलींपेक्षा मोठं नाव मी तुला माझ्या घरात देईन. आणि प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायात, आफ्रिकेतल्या कूश देशाच्या राणीचा खजिनदार, षंढ, यरुशलेमेहून परतताना रथात बसून यशयाच वाचतोय, त्रेपन्नावा अध्याय. पुस्तकाचं भेंडोळं थोडं पुढे उलगडलं की त्याच्या स्वतःच्या नावाचं वचन. वाटेत पाणी दिसतं तेव्हा तो रथात बरोबर असलेल्या सुवार्तिक फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? नियमशास्त्राप्रमाणे हरकत होती, लेखी होती. फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो. षंढ म्हणजे समलिंगी नव्हे, ही सरमिसळ करू नकोस. पण बायबल आपल्याच एका 'नाही'शी कसं वागतं, ते तिथे दिसतं.

अमेरिकेतले नव्या कराराचे नामांकित अभ्यासक रिचर्ड हेज यांनी १९९६ साली समलिंगी संबंधांच्या विरोधात ठाम लिहिलं आणि जगभरच्या पाळकांनी त्यांचा आधार घेतला. २०२४ मध्ये मुलाबरोबर लिहिताना त्यांनी ते मत सोडलं. ग्रीक शब्दांचे अर्थ बदलले असं ते म्हणाले नाहीत. देवाची दया आपण धरली होती त्याहून रुंद आहे, असं म्हणाले. रॉबर्ट गॅग्नन यांच्यासारखे अभ्यासक ठामपणे उलट बाजूला आहेत. दोघांचंही ग्रीक उत्तम.

एक व्यवहाराची गोष्ट. 'सुटकेची प्रार्थना' करून घे, बरा होशील, असं म्हणत कुणी आलं तर जाऊ नकोस. डॉक्टरकडे नेतो म्हणाले तरी नको. असले उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगून ठेवलंय. आणि घरी काही सांगायचं ठरलंच, तर आधी नोकरी आणि राहायची जागा पक्की कर. आईला एकटीला गाठून सांग, जेवणाच्या ताटावर नको.

नाताळात येशील तेव्हा तुझं बायबल घेऊन ये. यशया आणि कृत्ये शेजारी ठेवून वाचू. खुणा करायला पेन्सिल आण. लाल पेनाची रेघ मी तीन प्रकारच्या रबरांनी खोडून पाहिली आहे.

तुझा,
काका