मराठवाड्यातले किल्ले : सुरुवात कुठून करावी?

किल्ला म्हणजे डोंगर चढायचा, हे आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे नळदुर्ग, परांडा, औसा, उदगीर, कंधार असे भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचे किल्लेच जास्त. पायांपेक्षा डोळ्यांना काम.

तरी पहिला देवगिरीच करा. सकाळी दार उघडताच आत शिरा, उन्हं चढली की कातळ तापतो. बरेच जण चाँद मिनारपाशी फोटो काढून थेट वर धावतात. तसं नका करू. महाकोट या तटबंदीच्या दरवाज्यांत जरा रेंगाळा. वाट सरळ जातच नाही, मुद्दाम वळवलेली आहे. दरवाजावर धडक द्यायला हत्तीला धाव मिळू नये म्हणून. पुढं ताशीव कडा, खंदक आणि अंधारी, म्हणजे कातळातली काळोखी भुयारी वाट. तिथं बॅटरी हवीच. वटवाघळांचा वास येतो, नाक दाबा आणि चला.

दुसरा नळदुर्ग, तोही पावसाळ्यात. बोरी नदीवरचा १६१३ चा आदिलशाही बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल. बंधारा भरून वाहू लागला की नर-मादी धबधबे सुरू होतात. दगडांवर शेवाळ असतं, चपला घालून जाऊ नका.

मग परांडा. विजापूरची मुलूख मैदान तोफ इथूनच गेलेली.

नवखे हमखास चुकतात ते इथं :
- एका दिवसात तीन किल्ले उरकणं
- पाणी कमी नेणं
- तटाच्या कडेवर सेल्फी

शिलालेख, तोफांची मापं सध्या राहू द्या. अंतूर हा डोंगरी किल्लाही थंडीत, सोबत माहीतगार असेल तेव्हाच.